शिवेवरची टोपली

मी मूलची मानपाड्याची, पन लगीन होऊन कोपरला आयली ती मिठागरानच, सासरा मिठागरान, नवरा मिठागरान, आनी मी डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून वाहून ही अशी वाकली. एकच पोर माजी, भागी, ती शेजारी दिव्याला दिलेली. शीव ओलांडली की तिचं घर.

आता तुमी पटकीचं इचारलंत. काय सांगू तुमाना, पटकी आयली की गाव देवीची टोपली काढायचा, तांदूल, नारल, हिरव्या बांगड्या, आनी वाजवत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन ठेवायचा, की आये, आता तू पुढं जा. ते गाव ती उचलून आनखी पुढं नेनार. आमाना डोंबिवलीकडून यायची, आमी दिव्याला द्यायचो. त्यान कोनाला काय वाईट वाटायचं नाय.

त्या साली ठाण्याहून पटकीची सुई टोचनारा डाक्तर आलेला, बामन होता, पन ओट्यावर बसून बायांशी नीट बोलायचा. पटकी आता कुठं जानार ते त्याला आधी कलायला हवं होतं. मना इचारलान, टोपली कुठल्या गावाहून आली, त्याच्या आधी कुठं होती, नि काठीनं मातीन गावं काढलीन एकामागून एक. मंग म्हनतो, बाई, आता पाळी दिव्याची. मी म्हटलं, देवी तिकडंच जानार ना. तो म्हनतो, देवी नव्हे, टोपली नेणारी माणसं आजाऱ्याच्या घरातली असतात, शिवेवर दिव्याची विहीर आहे, तिथं हातपाय धुतात, पाणी काढतात. यंदा टोपली थांबवा. भागी तवा पोटुशी होती.

गाव कसला ऐकतो. दीर म्हनला, देवीला घरान कोंडतेस काय. टोपली निघाली, मी मागून मागून, आनी इहिरीच्या अलीकडं मानसं तंबाखू खायला टेकली तशी मी टोपली मांडीवर घेतली नि बसली. उचलायचं तर मनाच उचला म्हटलं. परक्या बाईच्या मांडीला हात कोन लावनार, शिव्या घालत माघारी फिरली सगली.

टोपली घेऊन घरी आयली तर नवऱ्याला उलट्या लागलेल्या. दुसरी सकाल त्यानं बघितली नाय. गाव म्हनला, हिनं देवीला अडवलान, देवीनं हिचा नवरा नेलान. डाक्तर म्हनला, टोपली निघते तेव्हा आजार घरात आधीच शिरलेला असतो. मना काय ठावं. चांगला होता हो तो, माज्यावर कवा हात नाय उगारलान. अजून रडू येतं.

दिव्यान कोनाला काय झालं नाय. मंग टोपली गेली असती तर काय झालं असतं ते कोनाला पटनार. आता भागीची पोरं मोठी झाली, ती कालवन घेऊन येते, पानी भरते, नि जाताना दरवेली बोलते, आये, दिव्याला काय होनारच नव्हतं, तू उगाच बाबाला घालवलंस.

जिती हाय म्हनून बोलते. बोलू दे तिला. शंभर वर्सं बोलू दे.