कसं झालं, ते मी सांगणार नाही

आदरणीय काका, मावशी, आणि या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांनो,

आत्ताच बुद्धवंदना झाली. तुम्ही ब्रिस्टलहून, बेसिंगस्टोकहून, भर थंडीत आलात, त्याबद्दल आभार. मला बोलायची सवय नाही. आमच्या घरात बोलायचं काम नंदाचं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं. तीच आता नाही, म्हणून मी उभा आहे.

नंदा नर्स होती. इथली, लंडनजवळच्या हाउन्सलोतली कायमची नोकरी सोडून ती झांबियातल्या एका खेड्यात गेली. तिथल्या छोट्या दवाखान्यात गरोदर बायांचं रक्त तपासायचं काम होतं. एचआयव्ही किती पसरलाय आणि कशामुळे, हे शोधायचं होतं. ती सुट्टीवर आली की आपण तिला काय विचारायचो? आठवतं? "तिकडचे लोक तसलेच ना गं?"

तसलेच म्हणजे कसले?

तिने मला एका बाईची गोष्ट सांगितली होती. त्या बाईला डॉक्टरांनी विचारलं, किती पुरुषांशी संबंध आला? बाई म्हणाली, एकच, माझा नवरा. डॉक्टरांना पटेना. त्यांनी पुन्हा विचारलं. बाईने पुन्हा तेच सांगितलं. नवरा लांब तांब्याच्या खाणीत कामाला. बायकोला तिथे राहायला जागा नाही. वर्षाकाठी एकदा घरी यायचा. आला की त्याला नाही म्हणायची सोय तिला नव्हती. गुप्तरोगाच्या दुखण्याला औषध नव्हतं, दवाखाना दिवसभराच्या चालीवर. नंदा मला म्हणाली, "दादा, हिचा रिस्क फॅक्टर सांगू? लग्न. आणि हे त्यांच्या प्रश्नांत कुठेच नाहीये."

मी चहा ढवळत बसलो. ती म्हणाली, "बोल ना रे काहीतरी, भिंतीशी बोलतेय का मी?"

मग ती आजारी होऊन परत आली. आणि आपण काय केलं?

पौर्णिमेच्या जेवणाला सगळ्यांना स्टीलची ताटं होती. नंदाला कागदी प्लेट. एकटीला. कुणी दिली ते मी विचारत नाही. ती हसली. म्हणाली, "दादा, बघ, माझी व्हीआयपी प्लेट! धुवायची कटकट नाही." घरी येताना बसमध्ये मात्र ती खिडकीकडे तोंड करून बसली.

अहो, आपण कोण? आपल्या आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. भांडं लागू नये म्हणून. आपण दर वर्षी याच हॉलमध्ये मुलांना हे सांगतो. मुलं इंग्लिशमधून विचारतात, पण का? आणि आपल्याला राग येतो, की यांना कळत कसं नाही. मला सांगा, ती कागदी प्लेट पुढे करताना आपल्याला कळलं होतं का?

उष्ट्या ताटातून हा रोग होत नाही. हे नंदाने याच माइकवर सांगितलं होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

आज सकाळी काकांचा फोन आला. काका, तुम्ही प्रेमानेच बोललात, मला माहीत आहे. तुम्ही म्हणालात, "टीबी म्हण. नाहीच जमलं तर निदान सुई टोचली असं सांग. नर्स होती, लोकांना पटेल. नाव खराब होणार नाही."

काका, मी टीबी म्हणणार नाही. माझी बहीण एड्सने गेली.

आणि कसं झालं, तेही मी सांगणार नाही. मला माहीत आहे. तिने मला सांगितलं होतं. पण मी सुई म्हटलं की तुम्ही हळहळाल, आणि दुसरं काही म्हटलं की मान फिरवाल. म्हणजे माझी बहीण रडण्याच्या लायकीची होती की नाही, हे तुम्ही माझ्या उत्तरावरून ठरवणार. त्या खेड्यातल्या बाईला हेच तर विचारत होते. पुन्हा पुन्हा. तिने खरं सांगितलं, तरी विचारत होते. नंदाला त्याचाच राग होता. आता मला आहे. असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

या हॉलमध्ये आणखी कुणाला हा आजार असेल, तर त्यांनी आमच्या घरी यावं. जेवायला यावं. कसा झाला, ते कुणी विचारणार नाही.

एवढंच. आता दोन मिनिटं शांत उभं राहू या. कसं झालं ते कळल्याशिवाय ज्यांना नंदासाठी उभं राहता येणार नाही, त्यांनी बसून राहावं. मी बघणार नाही. बाकीच्यांनी कृपा करून उठावं.

आई, तुझे गुडघे दुखतात. तू बसूनच तिचं नाव घे.