काटकोनातून निघालेला दांडा

आदरणीय अध्यक्ष दौलतरावजी, मंचावर विराजमान प्राचार्य नरहरी सर, आजच्या सत्कारमूर्ती डॉ. आम्रपालीताई, आणि भिलाईच्या सेक्टर सहामधल्या या सभागृहात दाटीवाटीनं बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मी वंदना. इथल्या हथखोजच्या कारखान्यांच्या वस्तीत माझं छोटं वर्कशॉप आहे. भाषणाचा सराव नाही, म्हणून घडलं तेवढंच सांगते.

ताई आज नागपूरच्या संशोधन संस्थेत रुजू व्हायला निघाल्या आहेत. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्या कॉलेजात शिकवत होत्या आणि पीएच.डी. करत होत्या. स्कूटरवरून उतरल्या, हातात ड्रॉइंग. "मालक कुठं आहेत?" म्हटलं, "मीच." इतक्या खूश झाल्या की बसायच्या आधीच समजावू लागल्या.

त्यांना डाय हवी होती, म्हणजे पोलादी साचा. आतली वाट मधेच काटकोनात वळणारी. ॲल्युमिनियमचा दांडा वरून दाबायचा, बाजूनं काढायचा. मी विचारलं, "जेवढा जाड घातला तेवढाच निघणार. मग फायदा काय?"

म्हणाल्या, "बाहेरून तेवढाच. आत पाहा ना!"

धातू म्हणजे कणांची दाटी. वळणावर तो आतल्या आत घसरतो, मोठ्या कणांत नव्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांचे बारीक कण होतात. जाडी बदलत नाही, म्हणून तोच दांडा पुन्हा पुन्हा दाबता येतो. कण बारीक झाले की धातू मजबूत. दुसरं काही मिसळायला नको. स्टील प्लांटवाल्यांनो, बरोबर सांगितलं ना?

डाय तयार झाली. प्रेस लावला. दांडा वळणापाशी अडकला आणि असा धमाका झाला की वर्कशॉपात मदतीला येणारे आमचे कमलेश, सारी नोकरी रेल्वेत काढलेला माणूस, थेट टेबलाखाली! हसू नका, समोरच बसलेत.

डाय उभी चिरली होती. ताई स्टुलावर बसून रडायला लागल्या. प्रबंधाची मुदत एकदा वाढवून झाली होती, आता वाढणार नव्हती. "वंदनाताई, संपलं माहं."

"कावून संपलं? रडून काय करून राहिली? चहा घे, अन् कुठून चिरली ते पाहू."

तुकडे जुळवून पाहिले. चीर आतल्या धारदार कोपऱ्यातून निघाली होती. ताईंनी तिथंच नवं ड्रॉइंग काढलं: डाय दोन भागांत, कोपरा गोल. मी बाहेरून जाड पोलादी कडं चढवलं.

दुसऱ्यांदा काळं ग्रीस माखून दांडा घातला. कमलेश आधीच अंगणात. बाजूच्या तोंडातून दांड्याचं टोक दिसलं आणि आम्ही दोघी अशा ओरडलो की कुणाचा हात मशीनमध्ये सापडला असं समजून शेजारचे कामगार धावत आले! त्यांनाही चहा पाजला. मग दरवेळी पाव फेरी फिरवून तोच दांडा दाबत राहिलो. ओढून तोडायच्या मशीनवर त्यानं साध्या दांड्याच्या दुप्पट जोर सोसला. ताईंनी मला मिठी मारली. त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर माझे ग्रीसचे पंजे उमटले. प्रबंध वेळेत गेला.

नागपूरच्या मुलाखतीत त्यांना विचारलं, "डाय कुठून आणाल?" म्हणाल्या, "भिलाईहून." आता त्या संस्थेचं काम माझ्याकडे आलंय, तेही टायटॅनियमसाठी. काल मी घाबरून फोन केला, "टायटॅनियम मी कधी हातात धरलं नाही. हे मोडलं तर?"

ताई हसल्या. "मोडलं तर मोडलं. मी येऊन राहिली ना, दोघी पाहू."

संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात हिंदी मिसळली असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. ताई, सुखानं जा, आणि लवकर या.