थ्री फेजचा लेथ

मे महिन्यातला दुसरा मंगळवार, कडक ऊन. लाकूड कातायला शिकायचं म्हणून अकोल्याहून लेथ आणला. लाकूड पकडायचा चक वेगळा, पटाश्या वेगळ्या, सगळं मिळून बेचाळीस हजार! अमरावतीला घरी वायरमन म्हणाला, "काकाजी, हा थ्री फेजवर चालते. तुमच्याकडे सिंगल आहे."

मी दुकानदाराला फोन लावला. "विकताना सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं काहून नाही? मोटर बदलून देतो. नऊ हजार."

"चूक तुमची अन् नऊ हजार माझे?"

त्याने फोन ठेवला.

थ्री फेज होतं ते धाकट्या भावाच्या विहिरीवर. तो म्हणाला, "आण ना दादा. पण लाइन आठच तास रायते. दोन्ही संगं चालत नाही, पहिले माह्या वांग्याले पाणी."

लेथ तिथे नेला. आठवड्यात पंप रोज चालला. लेथ एकदा, अकरा मिनिटं.