कड्याच्या पाव्हण्यांची चौकट

तुमाला सांगतो, चौकटीचं येड लई वाईट. गेवराईला आमच्या गल्लीत चोरी झाली, म्हणून मी सुताराला बोलावलं. तो म्हणला, "भाऊ, कुलूप तुटत न्हाई. लाथ बसली की कोयंडा ठोकलाय तिथलं चौकटीचं लाकूड फुटतं. तिथं लोखंडी पट्टी अन् भिंतीत शिरतील असे लांब स्क्रू पाहिजेत." तवापासून कुणाच्या बी दारात गेलो की माझी नजर चौकटीवर.

परवा भाच्यासाठी पोरगी बघायला कडा गावाला गेलतो. पोहे आले, पोरगी आली, मी आपला दाराकडंच बघत बसलतो.

पोरीचा बाप म्हणला, "पाव्हणं, तिकडं कावून बघताय?"

तोंडातून निसटलंच, "एका लाथंत उघडंल हे दार."

भाचा असा बघाया लागला, की आता मलाच लाथ घालतो. बापानं विषय बदलायला पोरीला म्हणलं, "तुला काय विचारायचं असंल तर विचार."

तिनं भाच्याकडं बघितलं बी न्हाई. मला म्हणली, "मामा, स्क्रू किती लांब पाहिजेत?"

भाचा माझ्या कानात पुटपुटला, "मामा, ठरवून टाका."