पांडूच्या कॅटातले तीन राजे

डोळखांबच्या पांडूकडची तीनपत्ती तुम्हाला सांगितली का? गौरीच्या दुपारी आम्ही पाचजण चिंचोके लावून खेळत होतो. दत्तूला तीन राजे आले. तासाभरात त्यालाच पुन्हा तीन राजे.

पांडूने हातातले पत्ते टाकले. “हा पत्ते लावतो रे! उठवा याला.”

दत्तूने गणपतीकडे हात केला. “शपथ, मी काय पन केलं नाय.”

निवाडा माझ्याकडे आला, कारण वही-पेन माझ्याच खिशात असते. मी सावकाश मांडले. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते बावीस हजार शंभर प्रकारे येतात आणि त्यांत तीन राजांचे प्रकार फक्त चार. ठरावीक दोन डावांत दोन्ही वेळा तेच येणे म्हणजे तीन कोटींत एकदा.

“दत्तू, अवघड आहे,” मी म्हणालो. तो चपला घालू लागला.

तेवढ्यात पांडूची बायको चहा घेऊन आली. “अवो, राजे येतीलच की! पोरांनी तीन दुऱ्या फाडल्या, म्हणून मी जुन्या कॅटातले तीन राजे घातलेत. बावन्न भरायला नको?”

आम्ही मोजले. राजे सात निघाले. मी पुन्हा आकडेमोड केली. “आता चार लाखांत एकदा येतं.”

दत्तूने वहीवर बोट ठेवले. “ते ऱ्हाऊ दे. आधी लिव, दत्तू चोर नाय. खाली सही कर.”

मी लिहून सही केली. पांडूनेही केली. मग दत्तू चपला काढून बसला.

“वाट आता. पन राजे काढू नको.”