तो येतोय तोवर तोंड बंद

...नाही, आणि वर मलाच विचारतात! दुकानात, चर्चच्या दारात, पेट्रोल भरताना... "अर्वो, हरणाला आवाज कधी द्यायचा रे? वास कधी लावायचा?" मला! ज्याच्या शर्टाला मागची बाजू उरलेली नाही त्याला! थांबा, वळून दाखवतो... दिसलं? निम्मी पाठ उघडी, वारा सरळ आत. हे कसं झालं ते सांगतो, पण आधी उत्तर देऊन टाकतो, म्हणजे तेवढ्यासाठी आलेले उठून जातील. तुम्हाला सांगतो, आवाज द्यायचा तो नर जायला लागला की! पाठ फिरवून निघाला की एक हलकासा हुंकार, बस्स, वळून बघतोच. आणि येत असेल तर? अहो, येत असेल तर कशाला बोलावताय? येतोय ना स्वतःच्या पायांनी? येतोय तोवर तोंड बंद! आणि वासाचं म्हणाल तर... वासाचं माझ्यासमोर नाव काढू नका.

आता आमचे जावईबापू. ब्रॅडली. माझ्या बहिणीचा, आइलीचा नवरा. पुलाच्या खालचा माणूस, मोठ्या पुलापलीकडच्या दक्षिणेतला, शहरी. म्हणजे स्वभावाने चांगला आहे हो, पण पुलाखालची माणसं सगळं विकत घेऊन येतात. पंधरा नोव्हेंबरला शिकार सुरू, शाळांना सुट्टी, गावात चिटपाखरू नाही, जो तो आपापल्या रानातल्या खोपटात. गेल्या वर्षी हे आदल्या दुपारी उतरले. गाडीतून आधी पिशव्या, मग पिशव्या, मग आणखी पिशव्या, आणि सगळ्यात शेवटी जावईबापू. नराच्या हुंकाराची नळी, मादीच्या हाकेचा डबा, पिल्लाच्या रडण्याची पिपाणी, एकमेकांवर आपटायला खोटी शिंगं, कोल्ह्याचं मूत... आणि एक छोटी तपकिरी बाटली, तान्ह्या बाळासारखी छातीशी धरलेली. माजावर आलेल्या मादीचं मूत! मी म्हटलं, "अरे, एवढं सगळं एकदम वाजवलंस तर हरणांना वाटेल वरात आली." तर म्हणतो कसा, "दादा, सायन्स खूप पुढे गेलंय आता." गेलंय ना? मग तूही जा की त्याच्याबरोबर!

आणि आमचे तीर्थरूप. ओन्नी. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, डोळे जायच्या वाटेवर, आवाज मात्र खणखणीत. देवदाराच्या दलदलीकाठी त्यांचं मचाण. सगळी हरणं तिथूनच जातात, बाकी जंगल म्हणजे नुसतीच शोभा. त्या मचाणाची शिडी मी दुरुस्त करायची, फळ्या मी बदलायच्या, बर्फ मी झाडायचा, आणि बसायचं कुठे? रस्त्याच्या वळणावर! जिथे हरीण सोडा, वाट चुकलेला पोस्टमनही येत नाही. तीस वर्षं बसलो हो तिथे. कधी मागितलं नाही. त्याच्याही आदल्या वर्षी बाबा शिडीवरून उतरताना म्हणाले, "पुढच्या वर्षी मी नसेन बरं का, अर्वो." म्हातारा हळूहळू त्या विषयाकडे येतोय, हे दिसत होतं मला. आणि येतोय तोवर... बरोबर. तोंड बंद!

त्या संध्याकाळी जेवायला बसलो, मांस-बटाटा भरलेली गरम पॅस्टी फोडली, आणि बाबांनी काटा खाली ठेवला. "उद्या माझ्या मचाणावर अर्वो बसेल. नर आणला, तर मचाण कायमचं त्याचं. गोळी चुकली, तर रीत माहीत आहे." रीत अशी, की ज्याची गोळी चुकली त्याच्या शर्टाचा मागचा भाग कापायचा आणि खोपटातल्या भिंतीला ठोकायचा. ठोका हो! ते कोण ऐकतंय? मी 'कायमचं त्याचं' यावरच अडकलेलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू, पॅस्टीतल्या कांद्यावर ढकललं. त्या दलदलीत मोडक्या शिंगाचा एक मोठा नर होता, मोडक्या म्हणायचो मी त्याला, त्याची ये-जा मला माझ्या घरच्यांपेक्षा जास्त पाठ. म्हटलं, झालं! आता कोण आडवं येतंय?

सॉना आडवा आला.

शिकारीच्या आदल्या दिवशी सॉना, म्हणजे लाकडी खोलीत बसून वाफेचा शेक, घ्यायचाच. अंग चोळून माणसाचा वास घालवायचा, आणि शिकारीचे कपडे बाहेरच्या खोलीत टांगायचे म्हणजे त्यांना लाकडाच्या धुराचा वास लागतो. आजोबांपासून चालत आलंय. आइली दरवर्षी बाबांना बर्च झाडाच्या तेलाची बाटली पाठवते, बादलीत दोन थेंब टाकून ते पाणी तापल्या दगडांवर ओतायचं, काय तो सुगंध! छोटी तपकिरी बाटली. ...आलं लक्षात? जावईबापूंनी आपली बाटली थंडीने गोठू नये म्हणून कुठे ठेवावी? सॉनातल्या फळीवर! आणि बाबांचे डोळे तर सांगितलेच तुम्हाला. त्यात ते म्हणाले, "उद्या मोठा दिवस, आज सगळीच ओतू."

हिस्स्स्...!

काय सांगू! पहिल्यांदा डोळे गेले. मग नाक गेलं. जावईबापू वरच्या बाकावरून ओरडले, "पप्पा, ती... ती बाटली...!" आणि वाफेनेच त्यांचं तोंड बंद केलं. सुलोकाका, बाबांचे धाकटे भाऊ, हळूच विचारतात, "ओन्नी, कुठलं झाड होतं रे हे?" बाबा डोळे मिटून म्हणतात, "यंदाचा बर्च जरा उग्र आहे. पण छाती कशी मोकळी झाली!" आणि आणखी एक पळी! पळा म्हणताय? कसे पळणार? सगळ्यात वडीलधारं माणूस उतरल्याशिवाय सॉनातून उतरायचं नाही, तीही रीत! बसलो. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला घाई कसली? आम्ही तिघं आत मुरत होतो आणि बाहेरच्या खोलीत आमचे कपडे.

सकाळी तेच कपडे घालून मचाणावर चढलो. दुसरे होते कुठे? तुम्हाला सांगतो, वास लावायचा तो लांब, झुडपाला, वारा बघून. म्हणजे नराचं लक्ष झुडपाकडे आणि आपण इकडे मोकळे. स्वतःच्या अंगाला लावणारा माणूस मूर्ख समजावा! आणि मी नखशिखांत... जाऊ दे. उजाडलं, आणि आला! मोडक्याच! नाक वर करून, सरळ माझ्याकडे. येतोय तोवर तोंड बंद. हलायचंही बंद. येतोय... येतोय... आणि आला तो थेट मचाणाखाली! फळ्यांच्या फटीतून त्याची पाठ दिसतेय, बंदूक रोखणार कुठे, माझ्याच दोन बुटांच्या मधे? त्याने शिडीला शिंगं घासली. मान वर केली. ओठ मुडपून माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं... लग्नाला एवढी वर्षं झाली, बायकोने एकदाही नाही बघितलं तसं!

मग कंटाळला बिचारा. वळला. दलदलीच्या मोकळ्या कडेने निघाला. जायला लागला! हाच तो क्षण! मी माझी जुनी हुंकाराची नळी ओठांना लावली, श्वास घेतला, आणि... रस्त्याच्या वळणावरून जावईबापू सुटले! खडाखड खडाखड शिंगं, घ्रॅं घ्रॅं नळी, बेंऽऽ पिल्लू, मध्येच मादी, पुन्हा खडाखड! मोडक्या उधळला. मी गोळी झाडली. कुठे लागली म्हणता? शिडीला! माझ्याच हाताने खिळे मारलेल्या शिडीला!

मोडक्या पळाला खोपटाकडे. सॉनाच्या चिमणीतून अजून धूर येत होता आणि त्या धुराला... कळलं ना? आणि सॉनाच्या पायरीवर आमचे तीर्थरूप. गुडघे शेकून बाहेर आलेले, कमरेला पंचा, पायात बूट, डोक्यावर शिकाऱ्यांना कायद्याने सक्तीची नारिंगी टोपी, एका हातात कॉफी आणि सवयीने मांडीवर बंदूक. त्यांना म्हणे समोर काहीतरी मोठं, तपकिरी, धुरकट दिसलं आणि त्याला शिंगं होती. धाड! एका गोळीत!

मी धावत पोचलो तर बाबांनी निकाल देऊन टाकलेला. "जावईबापूंनी काय हाकून आणलाय! मचाण त्यांचं! अर्वो, इकडे वळ." सुलोकाकांनी मासे कापायची कात्री आणली आणि वळलो मी. बोथट कात्री, कापायलाही वेळ लागला हो. ब्रॅडली लाजत म्हणतो, "दादा, सायन्स..." त्या क्षणी ठरवलं, सांगायचंच! बाटलीत काय होतं, कुणी ठेवली, नर कुणाच्या मागे आला, सगळं, तोंडावर! गेलो तावातावाने. बाबा बर्फात गुडघ्यांवर बसलेले. त्या गुडघ्यांवर! मोडकं शिंग हातात धरून लहान मुलासारखे हसत होते. मला म्हणाले, "अर्वो, उगाच शिडी चढलो रे इतकी वर्षं. आता या पायरीवर मी आणखी दहा वर्षं बसणार."

मी खाली वाकलो आणि मोडक्याचे पाय बांधायला घेतले. गावात सगळ्यांची शिकार मिरवायच्या खांबावर मोडक्याला टांगलं, तेव्हा सगळ्यांना सांगत होते, "बर्चचं तेल! अख्खी बाटली दगडांवर!" लोक मला विचारतात, खरं का रे? मी म्हणतो, खरं. शिडीची मोडलेली पायरी उन्हाळ्यात मीच बदलली, जावईबापू पडायला नकोत. माझी बसायची जागा तीच, रस्त्याचं वळण, फक्त आता पाठीला वारा लागतो.

काल बाबांचा फोन आला. "उद्या सॉना. आइलीने पाठवलेल्या बर्चमध्ये काही दम नाही, तू ती गेल्या वर्षीची घेऊन ये. आणि दोन आण रे!" आणल्यात. या बघा, खिशात. चढेन त्यांच्याशेजारी वरच्या बाकावर, आणि ते उतरेपर्यंत बसेन. म्हातारा जायला लागला होता हो... आता पुन्हा येतोय. आणि येतोय तोवर तोंड बंद.

आणि नाकही.