सावलीत वाळवलेला चना

काय सांगू तुमाले, मी मूळची अल्लीपूरची. माहेरी सोताचं शेत नव्हतं, लोकाच्या वावरात निंदाले जाओ आमी, म्हणून आंजी गावचं स्थळ आलं तवा माह्या मायनं पोरगा कमी पाह्यला अन् वावर जास्त. वावर भेटलं खरं, पण वावराची गोष्ट निघाली का मामाजी, म्हणजे माहे सासरे, म्हणत, सुशीला, चहा ठेवजो. वीस वर्सं मी चहाच ठेवला.

मंग गावात बायांचं प्रशिक्षण झालं. खोटं काऊन बोलू, आमी पोह्यासाठीच गेलतो. शिकवाले आलेल्या मॅडमनं काळ्या भुकटीचं पाकीट दाखवलं, म्हणाल्या, हे जिवाणू हायेत, जिवंत हायेत, चन्याच्या मुळाले गाठी करतात अन् हवेतलं नत्र झाडाले देतात. बाकीच्या पोह्यात गुंतल्या. मले थे जिवंत म्हणणं डोक्यात बसलं. जिवंत हाये तं त्याले उन्ह लागन, आपल्यावानीच.

त्या साली आमच्या कापसाच्या वावरात पहिल्यांदा चना पेराचा ठरला. मी मामाजीले म्हटलं, अर्धं वावर माह्या हातानं पेरू द्या. वामनभाऊजी, माहे दीर, हासले. वहिनी पोहे खाऊन आली अन् शास्त्रज्ञ झाली. मामाजी म्हणाले, घे अर्धं, पण फसली तं पुन्हा वावराचं नाव काढू नको.

उरलेलं अर्धं भाऊजीकडं, थ्याइनंही थेच पाकीट आणलं, मागं कसं राहाचं. मी गूळपाणी थंड केलं, थ्यात भुकटी कालवली, चन्याले हलक्या हातानं चोळली अन् कोठ्यात गाईच्या बाजूले पोत्यावर सावलीत पसरवला. भाऊजीनं चोळून सरळ टिनाच्या पत्र्यावर टाकला, भर उन्हात. आमच्याकडं बियाणं उन्हातच वाळवतात, बापजाद्यापासून. मी म्हटलं, भाऊजी, मरतीन जी थे जिवाणू. थे म्हणाले, दिसत तं नाई, मरतीन काय?

पह्यले दोन्ही बाजू सारख्याच. मी रोज धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाओ, रोज जीव खालीवर. फुलावर याची येळ आली अन् भाऊजीकडचा चना पिवळा पडाले लागला. माहा हिरवागार, डोळे निवतीन असा.

तेवढ्यात आमच्याच धुऱ्याजवळ शेतीदिनाचा मंडप पडला. पाहुण्यांनी जैवतंत्रज्ञानावर तासभर भाषण केलं, पण बूट काई वावरात पडू देल्ले नाई. मले राहवलं नाई. उठली, खुरप्यानं दोन्हीकडचं एकेक झाड काढलं अन् टेबलावर हारांच्या बाजूले ठेवलं, मातीसकट. माह्या मुळाले गाठीच गाठी. एक नखानं फोडली, आतून गुलाबी, जित्ती. भाऊजीच्या मुळाले दोन-चार बारक्या, आतून पांढऱ्या. भाषण तितंच थांबलं.

मामाजीनं चष्मा लावला, पाह्यलं, पुन्हा पाह्यलं. मंग म्हणाले, वामन, घरी जाऊन चहा ठेवजो, मले सुशीलासंगं वावराचं बोलाचं हाये.

आता गावातले लोक पेरणीच्या आधी पोते घेऊन माह्या कोठ्यात येतात, सावली पुरत नाई, गाय वैतागली. भाऊजी स्वतः इचारतात, वहिनी, अजून वाळला नाई का? माहं एकच, थांबा, जीव हाये त्यात.

बसा, चहा घेऊन जा. भाऊजी करून राह्यले. साखर जास्त टाकतात, पण शिकतीन. तुमच्या हातालेही यश येवो, बाप्पा.